पंचाचा खून कुणी करायचा

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

सकाळपासून एका जागी बसवत नाही. कपाट दोनदा आवरलं, अंगणात खेपा घातल्या, आणि शेवटी ही वही घेऊन बसले. हे असते तर म्हणाले असते, "पुन्हा काहीतरी डोक्यात आलंय वाटतं."

आलंयच. पाहुण्यांसाठी मी एक खेळ रचते आहे. ह्यांचा पुतण्या ऋषी आणि त्याची बायको आरती पुण्याच्या नोकऱ्या सोडून इथे कळंबला आले, मळ्यात चार खोल्या बांधल्या, शहरातली माणसं शनिवार-रविवार राहायला येऊ लागली. बरं चाललं होतं. पण बिबट्यामुळं हल्ली सूर्य कलला की कुणालाच बाहेर सोडता येत नाही. सहा वाजता पाहुणे आत येऊन बसतात, मोबाईल काढतात, नऊला जेवतात आणि घरी गेल्यावर लिहितात, "संध्याकाळी करण्यासारखं काही नाही." ऋषी परवा म्हणाला, असंच राहिलं तर बाळ यायच्या आत पुण्याला परत जावं लागेल. आरतीला सहावा चालू आहे. ती डाळ निवडत राहिली. हे गेल्यावर या घरात पुन्हा आवाज आला तो या दोघांमुळं.

तेव्हा मी म्हटलं, खुनाचा खेळ करू. पाहुणे गुप्तहेर, गावकरी संशयित. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही रहस्यकथांना मॉरल सायन्सच्या पुस्तकाचं कव्हर घालून वाचायचो, ती विद्या कधीतरी कामी यावी!

खून कुठे होतो? कळंबला भरलेल्या आंतरराष्ट्रीय खो-खो स्पर्धेत. ही कल्पना प्रज्ञाची. प्रज्ञा म्हणजे धम्मपालभाऊंची मुलगी, मंचरच्या शाळेत खेळाची शिक्षिका. लहानपणी याच ओट्यावर मी तिला इंग्रजी शिकवलं. आता ती मला खो-खोचे नियम शिकवते आणि मी चुकले की कपाळाला हात लावते.

जाताना हळूच म्हणाली, "काकू, रविवारी सोळाला घोडेगावची माणसं येतायत मला बघायला. सम्यकच्या घरची." सम्यकबद्दल मला आधीपासून ठाऊक आहे. तो लॅब टेक्निशियन आहे, स्पर्धांमधून ओळख झाली. "मुलगा माझ्याच बाजूनं आहे हो. पण त्यांच्यात मामांचा शब्द चालतो. मामांनी नाही म्हटलं तर संपलं. तुम्ही आमच्या बाजूनं बसाल ना?" मी तिच्या गालावरून हात फिरवला. न बसून कसं चालेल?


रविवार, ९ नोव्हेंबर

आज भूमिका वाटल्या. ओट्यावर चहा-भजी ठेवून माणसं जमवली. परदेशी व्हायला सगळे एका पायावर तयार. साळुबाई इंग्लंडच्या संघाची मालीशवाली झाली. "मी इंग्रजी बोलू का मराठी?" मराठीच बोल म्हटलं. "मग बरं. मालीश कुठल्याबी भाषेत व्हतीय." गेणू नेपाळच्या संघाचा मॅनेजर. म्हातारे चिमाजी मुख्य पंच, म्हणजे ज्यांचा खून होतो ते. मी स्वतः स्पर्धेची आयोजक, पाहुण्यांचं स्वागत मला करायचं.

खून असा: उद्घाटनाला पंच माईक हातात घेतात, शॉक लागतो, कोसळतात. करणारा नेपाळचा मॅनेजर.

इथे गाडं अडलं. गेणूनं भज्याची ताटली खाली ठेवली.

"वहिनी, मला न्हाई जमायचं. पोराची पोलीसभरती हाय."

"अरे, खेळातला खून आहे."

"खेळ तुमाला. ऋषीदादा मोबाईलवर टाकनार. तिकडं घराची चौकशी करत्यात, तवा कोन इचारतंय खेळ का खरा."

साळुबाईकडे पाहिलं तर ती आधीच मान हलवत होती. "माझी पोर लग्नाची हाय, बाई. पावनं म्हनतील, हिची आय खुनी. कोन येईल दारात?"

"चिमाजी, मग तुम्ही?"

"मी मरतो की. म्हनाल तितक्यांदा मरतो. मारनार न्हाई. या वयात गावात तसलं नाव नको."

ऋषीला पाहुण्यांचं बघायचं. आरतीच्या पोटात बाळ, तिला तर साळुबाईनंच गप्प केलं. मी आयोजक. खेळ असा भज्यांवरच मोडणार की काय!

धम्मपालभाऊ तेव्हा शिडीवर होते, अंगणातले दिवे जोडत. गावात माईक आणि लायटिंगचं काम त्यांचंच. ते खाली उतरले, हात पुसले, आणि बोलणं एकदम थांबलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी एकेकाकडे पाहिलं.

"करतो की," ते म्हणाले. "कुनीतरी करायलाच पायजे."

किती समजूतदार माणूस! मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना दुसरा चहा दिला. शाळेतली फिलोमिना आठवली. ती बोर्डिंगमधली, तिच्या घरचं कुणी भेटायला यायचं नाही. वर्गात काही फुटलं, सांडलं आणि सिस्टरनं "कुणी केलं?" विचारलं की सगळा वर्ग मान वळवायचा आणि फिलोमिना उभी राहायची. केलेलं नसलं तरी. धीट मुलगी. आम्हाला केवढा आधार होता तिचा.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

कथा बदलावी लागली. पण धम्मपालभाऊ खरेच वायरमन असल्यामुळं उलट सोपं झालं. आता खुनी स्पर्धेचा साऊंडवाला. त्याचं कारण असं रचलं की तरुणपणी तो उत्तम खेळाडू होता आणि याच पंचांनी त्याला संघातून वगळलं.

आज तालीम. शेवटी खुनी कबुली देतो ते भाषण मी चांगलं पानभर लिहून दिलं होतं. भाऊंनी कागद एकदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि आपल्याच शब्दांत बोलले. "खेळायला मला येत व्हतं. सगळ्यांना ठावं व्हतं येतंय म्हनून. पन मैदानात घेतलं न्हाई कधी. वायर वढायला घेतलं. दिवा माझा, आवाज माझा. आत तुमी."

मग चिमाजी, मेलेले होते ते, पडल्या पडल्या म्हणाले, "आयला, धम्मपाल, खरंच वाटलं की रे." सगळे हसले.

इतका अभिनय त्यांच्या अंगात असेल असं कधी वाटलं नव्हतं. त्यांना हे सुचलं कुठून, याचंच मी कौतुक करत बसले आहे. ऋषीनं मोबाईलवर चित्रण केलं.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

मंचरच्या एका शिक्षक जोडप्याला बोलावून रंगीत तालीम घेतली. पुरता बोजवारा!

नवरा-बायको मन लावून पुरावे तपासत होते. साळुबाईला वाटलं, पावणं मुद्दाम आलेत, घाम गाळतायत, बरं दिसत नाही. तिनं चहाचा कप हातात देता देता सांगून टाकलं, "कशाला डोस्कं शिनवताय? त्यो बघा, वायरवाला. त्यानंच मारलाय."

मी कपाळ बडवून घेतलं. "साळुबाई, ते शोधायला आलेत!"

"मग सापडलं की. उपाशी का ठेवायचं पावन्यास्नी?"

यांना कसं समजावू की इथे लपवणं हाच पाहुणचार आहे.

एक गोष्ट मात्र छान झाली. ऋषीनं भाऊंच्या कबुलीची रील इन्स्टाग्रामवर टाकली, खाली लिहिलं, "पंचाला मारणारा हाच का?" हजारो लोकांनी पाहिली. आणि ती बघूनच पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं बावीस तारखेच्या शनिवारी सगळ्या खोल्या घेतल्या. आवडलं तर दर महिन्याला माणसं पाठवू म्हणाले. आरती आज कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.

प्रज्ञा तालमीला फिरकली नाही. शाळेत क्रीडादिन असेल.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रज्ञा आली होती. गाडी बंद केली पण उतरली नाही, हँडल धरून तशीच बसून राहिली.

"काकू, खुनी दुसरं कुणी नाही का चालणार?"

"अगं, तुझे बाबा किती सुरेख करतात! आणि सगळे धागेदोरे आता त्यांच्याभोवती विणलेत. आयत्या वेळी कसं बदलू?"

"एकदा बदललंच होतं ना? गेणूकाका नाही म्हणाले तेव्हा."

"तेव्हा वेळ होता, बाळा."

"बरं," म्हणाली आणि गाडी सुरू केली. रविवारी कुठली साडी नेसणार ते विचारायचं राहूनच गेलं.

मुलगी बघायला येणार म्हटलं की मुली अशाच हुरहुरतात. मीही हे बघायला आले त्या आठवड्यात आईशी कारण नसताना भांडले होते. पण मग मला कशाची हुरहुर? चहा कमी करायला हवा.


रविवार, १६ नोव्हेंबर

घोडेगावचे पाहुणे येऊन गेले.

धम्मपालभाऊंच्या घरी अकराला गेले. स्वच्छ घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, ताजे हार. भाऊंची आई जानकाबाई नव्या लुगड्यात. भाऊंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. मला त्यांनी पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची दिली.

सम्यक छान आहे. लाजरा, पण प्रज्ञाकडे बघताना डोळ्यांतलं लपवता येत नाही. पोहे झाले, शिक्षण, नोकरी सगळं झालं. मग त्याचे मामा, जाडसर, चष्मेवाले, हसत म्हणाले, "पावणं, तुमाला तर आमी आधीच बघितलंय. मोबाईलवर. खून केला म्हणं तुमी!"

सगळे हसले. भाऊही हसले. मलाही आनंदच झाला, आमचा खेळ घोडेगावपर्यंत पोचला म्हणून.

मामा हसायचे थांबले. "एक इचारू का? राग नका मानू. गावात एवढी घरं. सगळ्या खेळात खुनी तेवढे तुमीच कसे?"

भाऊंनी पोह्यांच्या बशीकडे पाहिलं. मला ती शांतता सोसवेना. प्रज्ञाची बाजू सांभाळायला मी तिथे बसले होते ना?

"खेळ आहे हो पाहुणे!" मी म्हटलं. "आणि कुणी सक्ती नाही केली. बाकीच्यांच्या घरी लग्नाच्या मुली, पोरांच्या भरत्या, अडचणी होत्या. भाऊंनी आपणहून घेतलं."

माझं वाक्य संपलं आणि घरात काहीतरी विझल्यासारखं झालं. प्रज्ञा दारात ट्रे घेऊन उभी होती. जानकाबाई उठून आत गेल्या.

मामा सावकाश म्हणाले, "म्हंजे या घरात लग्नाची मुलगी नव्हती." मग भाऊंना, अगदी हळू, "मुलगी आमाला पसंत हाय. पन चार माणसांनी बघितलं आन् तुमी उभं राहिलात, हे मला बरं न्हाई वाटलं. आपन असं उभं ऱ्हायचं सोडून किती वर्सं झाली." चष्मा पुसला. "कळवतो."

सम्यक काहीतरी बोलणार होता, मामांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मामा फार मनाला लावून घेणारे वाटले. एवढ्याशा खेळाचं काय? मी तर चांगल्यासाठीच बोलले. मग घरी येताना मी लांबच्या वाटेनं का आले?


सोमवार, १७ नोव्हेंबर

काही कळवलेलं नाही. तीनदा फोन हातात घेतला, प्रज्ञाला लावला नाही.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

जानकाबाई भाजी घेऊन रस्त्यानं चालल्या होत्या. मी फाटकाशी थांबवलं. आत या म्हटलं, आल्या नाहीत.

"काय कळलं का हो घोडेगावचं?"

"न्हाई." पिशवी खाली ठेवली. "बाई, रागावनार नसाल तर बोलते. तुमी म्हनालात आपनहून घेतलं. तुमी व्हता ना तितं?"

"होते की."

"मग कुनी नाव घेतलं आदी? माझ्या लेकाचं?"

मी आठवू लागले. गेणू? नाही. साळुबाई? तिचं तोंड भज्यानं भरलं होतं. ऋषी बोललाच नव्हता. मी सगळ्यांचे आवाज आठवून पाहिले आणि एकाच्याही आवाजात ते नाव ऐकू येईना.

"कुणीच नाही घेतलं," मी म्हटलं.

"हां," जानकाबाई म्हणाल्या. पिशवी उचलली. "आन् माझी नात तुमाला काकू म्हनती."

त्या गेल्या. मी फाटक धरून उभी राहिले. कुणीच नाव घेतलं नाही. नुसते बघत होते सगळे. आणि मी कुठे बघत होते? हातात किटली होती, एवढं नक्की आठवतं. मान वर होती.


गुरुवार, २० नोव्हेंबर

काल ओट्यावर पुन्हा सगळ्यांना बसवलं. म्हटलं, खुनी बदलायचा. पुन्हा तेच. भरती, लग्न, वय. मी म्हटलं, धम्मपालभाऊंचीही मुलगी लग्नाची आहे. साळुबाई म्हणाली, "हाय की. पन त्यांचं निराळं." काय निराळं, असं मी विचारलं. साळुबाईनं गेणूकडे पाहिलं, गेणूनं चपलेकडे.

"मग मी होते खुनी," मी म्हटलं.

ऋषी हसला. "काकू, तुम्ही? तुम्ही डासाला सॉरी म्हणता. आणि कंपनीवाले ती रील बघून येतायत. आता तीन दिवसांवर आलं. एवढा शनिवार जाऊ द्या, मग काय हवं ते करा." आरतीनं माझा हात धरला. तिची बोटं सुजली आहेत. मी गप्प बसले.

आज भाऊंच्या दुकानात गेले. ते स्पीकर उघडून बसले होते. म्हटलं, भाऊ, तुम्ही नाही म्हणा, मी बाकीचं बघते. खेळ मोडला तरी चालेल.

"मोडायचा कशाला?" त्यांनी मान वर केली नाही. "आता मी माघारी फिरलो तर मामा म्हनतील, मी बोललो म्हनून भ्याला. गाव म्हनंल, सोयरिकीसाठी भ्याला. दोन्हीकडनं मीच. शनिवारी मी येनार, वहिनी."

"पण प्रज्ञा..."

"प्रज्ञाला मी सांगितलंय, तू बी ये."

ह्यांची, म्हणजे त्यांच्या सुदर्शनभाऊंची, काहीतरी आठवण ते नेहमी काढतात. आज काढली नाही.


रविवार, २३ नोव्हेंबर

काल जे झालं ते क्रमानं लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरतच राहील.

कंपनीची वीसेक माणसं आली. त्यातली एक उंच ब्राझीलची मुलगी. प्रज्ञानं तिला रांगेत उकिडवं बसवून खो द्यायला शिकवलं, अंगणभर हशा. सम्यकही आला होता. प्रज्ञानं बोलावलं असणार. मागे स्पीकरच्या खोक्यावर बसला होता, मामांना न सांगता आला असावा.

सहाला फाटक लावलं, खेळ सुरू. मी आयोजक म्हणून स्वागत केलं. चिमाजींनी माईक घेतला, थरथरले आणि असे पडले की टाळ्या मिळाल्या. पाहुणे पुराव्यांचे कागद घेऊन फिरू लागले. रंगीत तालमीनंतर इतकं सांगूनही साळुबाई चहा वाटता वाटता कुजबुजलीच, "च्या घ्या. आन् त्या वायरवाल्याकडं जरा बघा."

तासाभरानं त्यांचा प्रमुख उभा राहिला. "मॅडम, आमचं ठरलं. खुनी साऊंडवाला."

ऋषीनं दिवा भाऊंवर टाकला. आता कबुली. भाऊ उजेडात आले. तोच पांढरा शर्ट.

"मी न्हाई केला," ते म्हणाले.

पाहुणे हसले, पुढचं काय म्हणून. ऋषी माझ्या कानात म्हणाला, "विसरले वाटतं. काकू, सांगा ना." मी हळू आवाजात सुरुवात दिली, "खेळायला मला..."

"पाठ हाय मला, वहिनी," भाऊ म्हणाले. "पन मी न्हाई केला."

मग पाहुण्यांकडे वळले. "वायर माझी. कबूल. पन नुसत्या वायरीनं कोन मरतंय? करंट सोडायला मेन स्विच टाकायला लागतो. स्विच हाफिसात. हाफिसाला कुलूप. तुमी माझ्याकडं बोट दावलं, ब्येस. चावी कुनाकडं व्हती, ते इचारलं का कुनी?"

कागद सळसळले. ब्राझीलच्या मुलीला कुणीतरी भाषांतर करून सांगत होतं. मग एक मुलगा ओरडला, "हे काय, पहिल्याच कागदावर आहे! ऑफिसची चावी आयोजक मॅडमकडे!"

ते मीच लिहिलं होतं. आयोजक जरा भारदस्त वाटावी म्हणून. खेळात त्याचा काही उपयोग नव्हता.

आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. पाहुणे, गेणू, साळुबाई, खिडकीतून आरती, ओट्याच्या कोपऱ्यातून जानकाबाई. कुणी काही बोलत नव्हतं. मला माझे हात कुठे ठेवायचे ते कळेना. मी काही केलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्या नजरा कुणीतरी अंगावरून काढून घ्याव्यात म्हणून मी काहीही कबूल करायला तयार होते.

"हो," मी म्हटलं. "मीच."

"पण का, मॅडम?" त्या मुलानं विचारलं.

मला कारण सांगता येईना. खरंच येईना. तेव्हा चिमाजी, मेलेले, उठून बसले. "व्हय वहिनी, मी काय वाकडं केलं व्हतं तुमचं?"

हशा पिकला, टाळ्या पडल्या, जेवणं झाली. पण कंपनीचा माणूस निघताना ऋषीला म्हणाला, "कल्पना चांगली आहे, शेवट बसत नाही. पुराव्यातून कारण निघायला हवं होतं." पुढचं बघू म्हणाला. ऋषी आज माझ्याशी बोललेला नाही.

मी ताटं गोळा करत होते तेव्हा अंगणात भाऊ वायर गुंडाळत होते आणि दुसरं टोक सम्यकनं धरलं होतं. तो जमेल तशी कोपरावर घेत होता.

"उलटी घेताय, पावनं," भाऊ म्हणाले. "पीळ पडंल. इकडून."

त्यांनी त्याचा हात धरून फिरवून दाखवला. मी स्वयंपाकघरात निघून आले.


रविवार, ३० नोव्हेंबर

प्रज्ञाचं लग्न ठरलं. मला हे मंचरच्या बाजारात साळुबाईकडून कळलं, कांद्याच्या ढिगाशी उभी असताना. "तुमाला ठाव न्हाई?" ती म्हणाली. ठाऊक आहे म्हटलं. मग कांदे न घेताच परत आले, आणि आरतीनं विचारल्यावर महाग होते असं खोटं सांगितलं.

कंपनीचा फोन आलेला नाही. पण आरतीनं डिसेंबरच्या दोन कुटुंबांना खेळासाठी हो म्हटलं आहे. भूमिका आता दर खेपेला चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांची नावं घालून. साळुबाई म्हणाली, मग ती फक्त चहा करील. चालेल म्हटलं. गेणू रात्रभर विचार करून सांगतो म्हणाला. ऋषी काल माझ्याशी बोलला, म्हणजे गॅस सिलिंडरबद्दल.

संध्याकाळी प्रज्ञा आली. या वेळी गाडीवरून उतरली, ओट्यावर बसली. मी पाणी दिलं. पेढे तिनं स्वतः आणले होते.

"सम्यकनं मामांना सगळं सांगितलं," ती म्हणाली. "बाबा काय बोलले ते. मामांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. चावी कुणाकडे होती, यावर मांडी थोपटून हसले म्हणे. मग विचारलं, त्या बाईंनी कबूल केलं का? सम्यक म्हणाला, केलं."

"खेळात," मी म्हटलं.

"हो, खेळात." तिनं पेढ्याच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

मला तिला खूप सांगायचं होतं. शेवटी एवढंच म्हणाले, "त्या दिवशी ओट्यावर मीही बघत होते गं. तुझ्या बाबांकडे."

"माहितेय," प्रज्ञा म्हणाली. आवाज मऊ नव्हता आणि कडूही नव्हता. "बाबांनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

फाटकापलीकडे उसाचा ट्रॅक्टर गेला, मोठ्यानं गाणी लावून.

"साखरपुडा पुढच्या रविवारी," ती उठत म्हणाली. "यायचं. आजीनं सांगितलंय, काकूंना पुढे बसवा." दोन पायऱ्या उतरली, थांबली. "पण काकू, एक सांगू? मामा असतील, सगळे असतील. तिथे तुम्ही आमच्या बाजूनं काही बोलू नका. नुसत्या या."

"येईन," मी म्हटलं. "नुसती येईन. अगं, पण मामांना एवढंच सांगते की..."

प्रज्ञानं कपाळाला हात लावला आणि हसली. "बघा," म्हणाली.